पान एकशे बारा

आमचे प्रकाशक हस्तलिखित उभ्याने वाचत. वाशीतल्या एका बैठ्या घराच्या पुढच्या दोन खोल्या, एवढीच त्यांची कचेरी. तिथे चांगल्या तीन खुर्च्या होत्या, पण ते लोखंडी कपाटाशेजारच्या छातीइतक्या उंच रॅकवर कागद ठेवायचे आणि उभे राहून एकेक पान उलटायचे. मी नवी असताना एकदा खुर्ची पुढे केली. म्हणाले, "नको. बसून वाचलं की सगळंच बरं वाटतं." स्वतःच्या डोक्यापेक्षा पायांवर त्यांचा विश्वास जास्त होता. तिसाव्या-चाळिसाव्या पानाला पाय दुखायला लागले तर हस्तलिखित परत जायचं. पाय दुखायचे राहून गेले, तर त्याच संध्याकाळी लेखकाला होकाराचं पत्र.

परत पाठवण्याचीही त्यांची एक रीत होती. छापील चिठ्ठी कधी नाही. स्वतःच्या हाताने पत्र लिहायचे आणि त्यात त्या लिखाणातलं आवडलेलं एक तरी वाक्य पान नंबरासकट उतरवून काढायचे. असं वाक्य सापडेपर्यंत पत्र जात नसे. एका निवृत्त बँक अधिकाऱ्याच्या प्रवासवर्णनात ते त्यांना चार दिवस सापडेना. पाचव्या दिवशी सकाळी आल्या आल्या म्हणाले, "बाई, सापडलं. पान नव्वद. ‘चहा गार होता, पण देणारा माणूस उबदार होता.’ आता परत पाठवायला हरकत नाही." ते अधिकारी पुढे ते पत्र घेऊन दुसऱ्या प्रकाशकांकडे फिरले, असं ऐकलं. आमच्याकडे नकार मिळालेले लोकही दिवाळीला भेटायला यायचे.

ते मला पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत ‘बाई’ म्हणाले. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. मी त्यांना काका म्हणायचे. ‘साहेब’ म्हटलेलं त्यांना चालत नसे, कारण वीस वर्षं सरकारी खात्यात ते तेच ऐकत आले होते आणि त्यातून सुटण्यासाठीच त्यांनी मुदतीआधी नोकरी सोडली होती. अंगात कायम पांढरा बुशशर्ट. त्याचे खालचे दोन खिसे शिंप्याकडून मुद्दाम मोठे करून घेतलेले, एका खिशात एक पुस्तक मावेल एवढे. एखाद्या पुस्तकाचा आकार ठरवायचा झाला की ते कागदाची घडी घालून खिशात सरकवून बघत. जाड पुस्तकं आम्ही छापली नाहीत, त्याचं खरं कारण हे खिसे.

घाऊक मसाल्याचा बाजार आमच्यापासून चालत दहा मिनिटांवर होता. तिथले एक व्यापारी त्यांचे वाचक. त्यांच्याकडून काका रिकामी बारदानं आणत आणि बाहेरगावी जाणारी पुस्तकं त्यात शिवून पाठवत. पुण्याचे एक पुस्तकविक्रेते दर पत्रात तक्रार करायचे की तुमचं पार्सल उघडलं की दुकानातली सगळी माणसं शिंकत सुटतात. मी ते पत्र वाचून दाखवलं तर काका खूश झाले. "म्हणजे आपलं पार्सल आलेलं दुकानात सगळ्यांना कळतं," म्हणाले.

मी मूळची सातारा जिल्ह्यातली. लग्न होऊन वाशीला आले, कारण नवरा धान्याच्या बाजारात एका पेढीवर कामाला होता. एमए मराठी होते आणि घरात बसून कंटाळले होते. एक दिवस रस्त्यावरून जाताना प्रकाशनाची पाटी दिसली म्हणून आत गेले आणि एक कथासंग्रह विकत घेतला. चार दिवसांनी परत गेले ते त्यातल्या अकरा चुकांची यादी घेऊन. काकांनी यादी दोनदा वाचली. मग मला चहा दिला आणि विचारलं, "उद्यापासून याल का?"

हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढची काही वर्षं मला त्या अकरा चुकांचा फार गर्व होता. माझ्या नजरेतून काही सुटत नाही, अशी माझी समजूत झाली होती. तेवढ्या काळात सुटलंही नाही फारसं. ऱ्हस्व-दीर्घ, उलटं अवतरणचिन्ह, पान चाळीसवर निळी साडी नेसलेली बाई पान एकेचाळीसवर हिरवी नेसून दिसली तर तीसुद्धा मी पकडायचे. काका म्हणायचे, "बाई, तुमच्या तावडीतून लेखक सुटला तर वाचकाच्या हाती पडेल." हे कौतुक आहे असं मी धरून चालले होते.

एका वहीचंही सांगायला हवं. आमच्याकडून कुणी पुस्तक घेतलं, कचेरीत येऊन, प्रदर्शनात किंवा टपालाने, की काका त्याचं नाव आणि पत्ता एका लांबट वहीत लिहून घ्यायचे. लोकांना वाटायचं पुढच्या पुस्तकांच्या जाहिराती येणार. कधीच गेल्या नाहीत. मी एकदा विचारलं, मग हे पत्ते कशाला. म्हणाले, "मुलगी दिली तर घर कुठे आहे ते माहीत नको?"

पंचाण्णवच्या आसपास आम्ही एका निवृत्त सर्वेअरच्या आठवणी छापल्या. हे शहर व्हायच्या आधी, खाडीकाठच्या गावांच्या जमिनी मोजायला जी माणसं आली त्यांतले ते एक. गावांतून त्यांना सगळे ‘मोजणीसाहेब’ म्हणायचे. बोलायला कोरडा माणूस, पण लिहिलं होतं फार सुंदर. मिठागरांचे बांध, भरतीच्या वेळी मोजणीची साखळी ओढताना चिखलात रुतणारे पाय, नेरूळच्या सारसोळे गावातल्या एका कोळ्याच्या होडीतून केलेले प्रवास. त्या कोळ्याचं नाव गोमाशेठ. मोजणीसाहेब तरुणपणी महिनाभर त्यांच्याच घरी जेवले होते. काकांनी ते हस्तलिखित एका दिवसात, उभ्याने, दुपारचं जेवण विसरून वाचलं होतं.

पुस्तक आलं आणि चाललंही. वाशी-नेरूळच्या इमारतींत राहणाऱ्या लोकांना आपल्या सोसायटीच्या जागी आधी काय होतं याचं कुतूहल होतं. गावांतल्या लोकांनीही प्रती नेल्या.

दोनेक महिन्यांनी, दुपारी अडीच-तीनच्या सुमाराला, एक बाई कचेरीत आल्या. पन्नाशीच्या, काटक, नेसणं गुडघ्यापर्यंतचं, केसांत अबोलीचा गजरा. प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेलं ते पुस्तक त्यांनी टेबलावर ठेवलं.

"पुस्तक हितंच छापलाव ना?"

"हो. बसा ना," काका म्हणाले.

"बसाया नाय आली. माजे बापासचा नाव हाय यात. ता कारून टाका."

त्यांचं नाव हिराबाई. गोमाशेठची मुलगी. नेरूळच्या बाजारात मासळी विकायच्या. वाचता येत नव्हतं, पण पान त्यांना ठाऊक होतं. "एकशे बारा. लेकीनं दुमरून ठेवलाय."

काकांनी ते पान उघडलं आणि मोठ्याने वाचलं. मजकूर असा होता, की नव्या शहरासाठी जमीन देण्याच्या संमतीपत्रावर कुणीच सही करायची नाही हे ठरवायला गावाची सभा भरणार होती. पण आदल्या दिवशीच गोमाशेठ सरकारी कचेरीत येऊन सही करून गेले आणि गावाची एकी तिथेच मोडली.

हिराबाई उभ्या राहूनच बोलत होत्या. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "माजी लेक कालेजात जाते. तिनं बापासला सगला वाचून दावला. होरीचा आला, आमचे घरचे जेवनाचा आला, तवा हसला म्हातारा. परत वाच बोल्ला. मंग ह्या पान आला. सात दिस झालं, बंदरावर गेला नाय. रोज सकालचा जायाचा, सगली म्हातारी बसतात तितं. आता भितीकरं तोंड करून बसतो. जेवतो, पन बोलत नाय. त्याने सई सगल्यांचे शेवटी केली. गावाला इचारा."

काका मला म्हणाले, "बाई, मूळ प्रत काढा."

मी कपाटातून हस्तलिखिताची फाइल काढली. पान उलटता उलटता मला आठवलं. मोजणीसाहेबांच्या अक्षरात तिथे ‘धाकटे गोमाशेठ’ असं होतं. त्यातल्या ‘धाकटे’वर लाल शाईची एक सरळ रेघ होती. ती रेघ माझी होती. आधीच्या शंभर पानांत सगळीकडे नुसते ‘गोमाशेठ’ आणि इथेच एकदम ‘धाकटे’ कशाला, लेखकाची नजर चुकली असणार, असं मला वाटलं होतं. गावात त्याच नावाचे दोघे असू शकतील हे मनात आलं नाही. लेखकाला विचारायला हवं होतं. पण विचारायची मला त्या दिवसांत सवय नव्हती.

फाइल मी काकांपुढे धरली. त्यांनी ती रेघ पाहिली. माझ्याकडे पाहिलं नाही. फाइल मिटून त्यांनी हिराबाईंना सांगितलं, "तुमचं बरोबर आहे. लेखकाला दुसरे गोमाशेठ म्हणायचे होते, धाकटे. त्यांनी तसंच लिहिलं होतं. चूक माझी आहे. मी तो शब्द परत घालून देतो."

मला वाटलं, संपलं. पण हिराबाई तशाच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "धाकला गोमा आमचे आलीतच र्‍हायाचा. मेला त्याला सा वरसां झाली. त्याचा पोरगा हाय, सून हाय, नाती हायत. आमचा नाव कारून त्याचा घालाल, मंग ती सून येल हितं पुस्तक घेऊन. तिना काय सांगाल?"

काकांनी पुस्तक पुन्हा त्याच पानावर उघडलं. शेवटी म्हणाले, "मला आठ दिवस द्या."

"घ्या," हिराबाई म्हणाल्या. "पन बापूस म्हातारा हाय."

त्या गेल्यावर मी बोलायला तोंड उघडलं. काका म्हणाले, "चहा सांगा." चहा झाल्यावर परत उघडलं, तर म्हणाले, "दुकानांना फोन लावा. आहेत तेवढ्या प्रती परत मागवा." त्या दिवशी त्यांनी मला दुसरं काही बोलूच दिलं नाही. रागावले असते तर बरं वाटलं असतं. घरी गेल्यावर मला जेवण गेलं नाही. नवऱ्याने विचारलं तर डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं मोजणीसाहेबांच्या घरी गेलो. तिसऱ्या मजल्यावरचा त्यांचा नीटनेटका फ्लॅट. सगळं ऐकून घेऊन त्यांनी स्वतःकडची कच्ची प्रत काढली आणि तो शब्द बोटाने दाखवला.

"मी बरोबर लिहिलं होतं."

"हो," काका म्हणाले.

"मग शब्द काढला कुणी?"

"मी."

मी शेजारीच बसले होते. जमिनीवरच्या फरशांकडे बघत राहिले. मोजणीसाहेब काकांना बरंच बोलले. तीस वर्षांत आपली एक साखळी चुकली नाही आणि तुम्ही एका रेघेत माझी अब्रू घालवलीत, असं काहीतरी. काका मान हलवत ऐकत होते. मग मोजणीसाहेब म्हणाले, शब्द परत घाला, विषय संपवा. काकांनी त्यांना हिराबाईंचा प्रश्न सांगितला.

"त्याला मी काय करू? खरं ते खरं. सही मी फाइलला पाहिलेली आहे."

"मान्य. तुम्ही फक्त माझ्याबरोबर सारसोळ्याला चला. गोमाशेठसमोर बसून सांगा, काय छापायचं. तुम्ही तिथे जे सांगाल ते मी अक्षर न बदलता छापतो."

मोजणीसाहेबांनी कच्ची प्रत मिटली. वीस वर्षं ते सारसोळ्यापासून बसच्या अंतरावर राहत होते, पण त्या घरी पुन्हा कधी गेले नव्हते. "मला ओळखतील का ते?" एवढंच त्यांनी विचारलं.

रविवारी सकाळी आम्ही तिघं गेलो. बसमधून उतरून इमारतींच्या मागे वळलं की एकदम गाव लागायचं. अरुंद आळ्या, दारांसमोर वाळत टाकलेली जाळी, सुकटीचा वास. हिराबाईंच्या घराला पुढे ओटा होता. तिथे खाटेवर गोमाशेठ बसले होते, खरंच भिंतीकडे तोंड करून. पंच्याऐंशीच्या घरातला माणूस, पण खांदे अजून रुंद. मोजणीसाहेब खाटेजवळ जाऊन उभे राहिले. नमस्कारासाठी हात जोडले ते तसेच राहिले.

गोमाशेठनी वळून पाहिलं. "मोजनीसाहेब," ते म्हणाले. मग थांबून, "तुमी आमचे घरा जेवलाव."

मोजणीसाहेब त्या ओट्यावर, खाली, जमिनीवर बसले. त्या कडक माणसाला असं बसताना बघवत नव्हतं. कच्च्या प्रतीची फाइल त्यांनी बरोबर आणली होती. ‘धाकटे’ हा शब्द त्यांनी दोनदा वाचून दाखवला. "मी तुम्हाला नव्हतं लिहिलं, गोमाशेठ. तुम्हाला मी असं लिहीन का?"

"माझ्याकडून शब्द गळला," काका मधेच म्हणाले.

गोमाशेठनी काकांकडे एकदा पाहिलं आणि मान हलवली. त्यांचा चेहरा सैल झाला. हिराबाईंनी आतून चहा आणला. मला वाटलं, आता ते म्हणतील, घाला तो शब्द. पण चहा बशीत ओतता ओतता ते हळूहळू बोलायला लागले.

"सई धाकल्यानं केली, ता मना ठावं हाय. सगले गावाला ठावं हाय. त्याची बायको तवा हास्पिटलात व्हती. सई केली म्हून त्याचे हातात पैसं आलं, म्हून ती जगली. मंग एक दिस माजे घरा आला, पायाव डोका ठेवला. आमी त्याला परत आमचेत बसवला. ता सगला मिटला. तुमाना लिवायचा असंल तर लिवा. पन मंग बायकोचा पन लिवा."

मोजणीसाहेबांनी बशी खाली ठेवली. "हे मला माहीत नव्हतं," ते म्हणाले.

"कागदाव कसा दिसंल?" गोमाशेठ म्हणाले. सहजच म्हणाले, टोमणा मारायचा म्हणून नाही.

मोजणीसाहेबांनी तिथेच काकांकडे पेन मागितलं. काका उठून त्यांना जागा करून द्यायला लागले, तर ते नको म्हणाले. मांडीवर फाइल ठेवून त्यांनी चार ओळी लिहिल्या, दोन वेळा खोडल्या आणि वाचून दाखवल्या. ‘गावाची सभा भरायच्या आदल्या दिवशीच संमतीपत्रावर पहिली सही झाली. ती कुणाची होती हे मला तेव्हाही माहीत होतं. ती त्याने का केली हे मात्र मला आज, पुष्कळ उशिरा कळलं. ते आधी कळलं असतं तर मी त्या सहीकडे वेगळ्या डोळ्यांनी पाहिलं असतं.’

नाव नव्हतं. बायकोचंही नव्हतं. गोमाशेठनी पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग हिराबाईंकडे बघून म्हणाले, "बरा हाय." आणि निघता निघता काकांना म्हणाले, "तुमी चूक सुदरताव, तर आनकी एक सुदरा. माजी होरी लहान लिवलीय. ती आट मानसांची व्हती." मोजणीसाहेबांनी सहा लिहिली होती. ओट्यावरच दोघांची बोलाचाली झाली. शेवटी सातावर मिटलं, पण ते छापायचं नाही असं ठरलं.

शिल्लक प्रतींचं काम सोपं होतं. बाइंडरने ते पान कापून नवं पान डकवलं. प्रश्न विकल्या गेलेल्या प्रतींचा होता. मला वाटत होतं, वर्तमानपत्रात एक छोटं निवेदन देऊ. काका म्हणाले, "ज्याने पुस्तक घेतलं त्याने ते वर्तमानपत्र घेतलंच पाहिजे असं कुठे आहे?" त्यांनी बरोबर चार ओळींच्या मापाच्या पट्ट्या छापून घेतल्या, लांबट वही काढली आणि वाशीच्या पहिल्या पत्त्यावर बोट ठेवलं.

जवळपास तीनशे घरं होती. बाहेरगावच्यांना आम्ही पट्टी आणि पत्र टपालाने पाठवलं. पण वाशी, नेरूळ, कोपरखैरणे, तळवली, बेलापूर इथल्या प्रत्येक घरी काका स्वतः गेले, बहुतेक वेळा मी बरोबर. एका मोठ्या खिशात पट्ट्या, दुसऱ्यात डिंकाची बाटली आणि काड्यापेटी. घंटी वाजवायची, नाव सांगायचं, पुस्तक मागायचं. काडीच्या टोकाने डिंक लावायचा, पट्टी बसवायची, वर रुमाल ठेवून दाबायची आणि पाच मिनिटं पुस्तक उघडं ठेवायला सांगायचं. त्या पाच मिनिटांत लोक चहा विचारायचे. काका म्हणायचे, "चहा नको, पण पुस्तक कसं वाटलं ते सांगा." या फेऱ्यांत आम्हाला जेवढे वाचक भेटले तेवढे पुढच्या सगळ्या वर्षांत भेटले नाहीत.

कोपरखैरण्यात एका बाईंनी दार अर्धंच उघडलं आणि आम्हाला काही घ्यायचं नाही म्हणून सांगितलं. काका म्हणाले, "द्यायला आलोय. चार ओळी." एका घरी पुस्तक पाळण्याच्या लोखंडी चौकटीच्या एका पायाखाली सापडलं. आत बाळ झोपलं होतं. काकांनी पाय हलकेच उचलून धरला, मी पुस्तक काढलं, पट्टी लावली, वाळू दिली आणि परत होतं तिथे सरकवलं. बाहेर आल्यावर मी हसायला लागले. काका हसले नाहीत. "चांगल्या कामाला आलंय," म्हणाले. त्यांना खरा त्रास झाला तो एका प्राध्यापकांच्या घरी. तिथे पुस्तक काचेच्या कपाटात होतं आणि त्याची दोन पानं कडेला अजून जोडलेलीच होती, म्हणजे कुणी उघडलंही नव्हतं.

सेक्टर सतराच्या एका निवृत्त गृहस्थांनी तर पट्टी लावूच दिली नाही. "पुस्तक मी विकत घेतलंय. आता त्यातली चूकही माझ्या मालकीची." काकांना हे म्हणणं पटलं, ही पंचाईत. तरी तीन वेळा गेले. तिसऱ्या वेळी त्यांनी पट्टीचा विषयच काढला नाही, सारसोळ्याच्या ओट्यावर काय घडलं ते सांगितलं. गृहस्थांनी उठून पुस्तक आणून दिलं आणि स्वतःच रुमाल दाबून धरला.

हे सगळं दोन-अडीच महिने चाललं. प्रत्येक दारात काका एकच वाक्य म्हणायचे, "आमच्याकडून चूक झाली." मी मागे उभी असायचे. काका ते वाक्य म्हणत तेव्हा माझ्याकडे कधीही बघायचे नाहीत, आणि तेच मला सोसेनासं झालं. एक दिवस कचेरीला न जाता मी सरळ नेरूळच्या मासळी बाजारात गेले. हिराबाई पाटावर पापलेट कापत होत्या. गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबले आणि सांगितलं, की तो शब्द काकांनी नाही, मी काढला होता. धाकटे म्हणून कुणी असेल हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

त्यांनी कोयता पुसला. "ठावं हाय," म्हणाल्या.

"कुणी सांगितलं?"

"कोन सांगनार? शेट बोल्लं चूक माजी, आन कागद तुजे हातात हालत व्हता." मग थोड्या हसल्या. "तुजे शेटला खोटा बोलता येत नाय. तरी बोल्लं."

संध्याकाळी मी कचेरीत जाऊन काकांना सांगितलं, की हिराबाईंपाशी मी कबूल केलं. मन हलकं झालं होतं. वाटलं, ते म्हणतील बरं केलंत. काका रागावले. इतक्या वर्षांत मी त्यांना तेवढं एकदाच रागावलेलं पाहिलं. हातातलं प्रूफ त्यांनी टेबलावर ठेवलं.

"कशाला सांगितलंत?"

"चूक माझी होती म्हणून."

"तुमची कशी? तुम्ही रेघ मारली. मी ती पाहिली आणि पुढे जाऊ दिली. पुस्तकावर नाव कुणाचं आहे, बाई? तुमचं आहे का?"

"नाही."

"मग तुमची चूक तुम्ही मला सांगायची. बाहेरच्यांना सांगायची ती माझी. ते माझं काम आहे. त्यासाठीच तर मी हा धंदा काढला, नाहीतर खात्यात काय वाईट होतं? तिथे चूक नेहमी खालच्याचीच असायची." एवढं बोलून ते पाणी प्यायला आत गेले.

दोन दिवस त्यांचा अबोला होता. माझ्याशी आवश्यक तेवढंच बोलत. मीही खाली मान घालून प्रुफं तपासत होते, आणि जिथे जिथे शंका आली तिथे शब्द न खोडता समासात प्रश्नचिन्ह काढत होते. तिसऱ्या दिवशी दुपारी काका रॅकपाशी उभे होते. पानावरची नजर न काढता त्यांनी विचारलं, "नेरूळला गेला होतात, तेव्हा म्हाताऱ्यांचं काही विचारलंत का?"

"विचारलं."

"मग?"

"जातात बंदरावर. रोज सकाळी. सहा की आठ माणसांची होडी, यावर तिथे अजून वाद चालू आहे म्हणे. आणि धाकट्या गोमाचा मुलगा त्यांना हाताला धरून नेतो. पायऱ्या आता त्यांना एकट्याने उतरवत नाहीत."

काकांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि परत लावला.

"चला," ते म्हणाले, "म्हणजे आज पुस्तक प्रकाशित झालं." आणि रॅकवरचा गठ्ठा उचलून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला. नवं हस्तलिखित होतं. "हे वाचा. माझे पाय काही दुखले नाहीत. तुम्हाला कुठे शंका आली तर लेखक इथेच, वाशीला राहतो. जाऊन विचारून या."

लेखकाकडे जायचं म्हणून मी छत्री घेतली, गठ्ठा तिथेच उभ्याने उघडला आणि पहिल्या पानावरच्या पहिल्या शंकेखाली पेन्सिलीने बारीक रेघ ओढली.